आत्मभानाचे किती पीआर?

आत्मभान कमावू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम डोळे मिटून बसण्याचा बेत रद्द करावा. डोळे मिटले की आत जो मुलगा दिसतो तो अत्यंत कष्टाळू, मनाने निर्मळ आणि केवळ परिस्थितीने गांजलेला असतो. त्याच्या साक्षीवर आजवर कुणाची एटीकेटी सुटलेली नाही. प्रस्तुत मार्गदर्शन सुरतेतल्या, त्यातही लिंबायत, उधना, डिंडोलीकडच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्यांचे आईवडील किंवा आजोबा जळगाव-धुळे-नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने इथे लूमवर कामाला आले, जे घरी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती बोलतात, आणि चारही भाषा आपल्याला फर्ड्या येतात असे समजतात. (गुजरातीत रजेचा अर्ज लिहायला घेतला की हा समज चौथ्या ओळीच्या आत उतरतो, पण अर्ज लिहून देणारा मित्र असतोच.) लागणारे साहित्य: शंभर पानी वही एक, पेन एक, आणि तोंडावर बोलणारे माणूस एक. तिसरी वस्तू खानदेशी घरात विकत आणावी लागत नाही.

आता डोळे मिटण्याला एवढा विरोध का, याचा पुरावा. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रकावर गुणांबरोबर पर्सेंटाइल रँकही छापतात, म्हणून निकालाच्या दिवशी सुरतेत ‘किती टक्के?’ इतक्याच उत्सुकतेने ‘किती पीआर?’ हेही विचारले जाते. नव्वद पीआर म्हणजे शंभरातल्या नव्वदांना मागे टाकले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच विचारले गेले. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी त्यांची विनोदबुद्धी, तर्क आणि व्याकरण तपासले आणि ‘बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे?’ असा अंदाज मागितला. तळाच्या चौथ्या हिश्श्यातली मुले सरासरीने १२ पीआरवर होती. त्यांनी स्वतःला सुमारे ६२ पीआर दिले. काही संख्याशास्त्रज्ञ म्हणतात की या फरकातला बराचसा भाग गणिताचा खेळ आहे, तळाच्या मुलाला चुकायला वरच्याच दिशेने जागा असते. मान्य. पण तेवढा भाग वजा केला तरी कुणाचाही अंदाज वस्तुस्थितीशी नीट जुळतो असे सिद्ध होत नाही, आणि या मार्गदर्शनाला तेवढे पुरे आहे.

म्हणून कृती अशी. परीक्षेच्या आदल्या रात्री वहीत लिहावे: उद्या किती मार्क पडतील. पेपर देऊन आल्यावर पुन्हा लिहावे. निकाल लागला की तिसरा आकडा शेजारी मांडावा आणि मांडताना कुठलाही शेरा मारू नये. घोडदोड रोडवरच्या नर्मद सेंट्रल लायब्ररीत अभ्यासाला बसणाऱ्यांनी तर हे न चुकता करावे, कारण तिथे अभ्यास झाल्याची भावना फार लवकर होते. गाईडचे एक पान घ्या. व्याख्या पिवळ्या हायलायटरने रंगवलेली, मुद्दे हिरव्याने, महत्त्वाचे मुद्दे गुलाबीने, आणि काहीच सुटू नये म्हणून उरलेला मजकूर पुन्हा पिवळ्याने. हे पान चारदा वाचले की ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, असे मन लगेच जाहीर करते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली हे तपासले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा अभ्यासून, मग पान मिटून, आठवेल ते लिहून काढण्याची तीन वेळा परीक्षा दिली. आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. आठवड्याने त्यांना ४० टक्के आठवले, पान मिटणाऱ्यांना ६१ टक्के. थोडक्यात, मिटायचेच असेल तर डोळ्यांऐवजी पान मिटावे.

वेळेच्या बाबतीत स्थिती याहून गंभीर आहे, कारण तिथे आपण खोटे बोलतो असे आपल्याला वाटतही नाही. कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल असे विचारले, तेव्हा सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आले. मग ‘सगळे जितके बिघडू शकेल तितके बिघडले तर?’ असे विचारल्यावर ते सुमारे ४९ दिवसांवर आले. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला शिकण्यासारखा भाग हाच की आपली सर्वांत काळी कल्पनाही खऱ्यापेक्षा उजळ असते. तेव्हा ‘जर्नल रविवारी बसून पुरे करतो’ असे म्हणणाऱ्याने मागच्या तीन रविवारी काय झाले ते वहीत पाहावे. तिथे लग्न, क्रिकेट आणि डुमसचा समुद्रकिनारा निघाला, तर चौथ्या रविवारी चमत्कार होईल असे मानायला आधार नाही. (चमत्कारच हवा असेल तर तो शनिवारी सुरू करावा.)

कारणांचेही तसेच. सायन्स का घेतले, त्यातही गणिताचा ए-ग्रुप का, असे विचारले की मुलगा तत्काळ ‘मॅथ्सची आवड’ म्हणतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ च्या लेखात दुकानातला एक प्रयोग नोंदवला आहे. साड्यांच्या बाजारात वाढलेल्या वाचकाला तो विशेष कळेल. नायलॉनच्या मोज्यांचे चार एकसारखे जोड ओळीने मांडले आणि सर्वांत चांगला निवडायला सांगितले. लोकांचा कल उजवीकडच्या जोडाकडे होता. कारण विचारल्यावर त्यांनी विणीचे, पोताचे गुण सांगितले. जागेमुळे निवडला हे जवळजवळ कुणीच मान्य केले नाही. तेव्हा शाखा, क्लास, मैत्री, काहीही निवडण्याआधी कारण वहीत लिहावे. नंतर सांगितलेले कारण नेहमीच जास्त सुंदर असते. ‘जिग्नेशने घेतले म्हणून’ हे आधी लिहिलेले कारण मात्र कायम उपयोगी पडते.

इथे हरकत येते की माझे मन मलाच ठाऊक, तोंडावर बोलणाऱ्या मावशीला काय कळणार? ही हरकत अर्धी बरोबर आहे. सिमीन वझीर यांनी २०१० साली दाखवले की स्वतःची धास्ती, काळजी माणूस स्वतः जास्त अचूक ओळखतो. पण बुद्धी, कल्पकता अशा, चांगले-वाईट ठरवणाऱ्या गुणांबाबत मित्रांचा अंदाज अधिक खरा निघतो. या शहराला हे नवे नाही: वराछ्यात पैलू पाडणारा कारीगर आपला हिरा आपणच पास करत नाही, तो दुसऱ्याच्या भिंगाखाली जातो. म्हणून तिसरे साहित्य वापरावे. मात्र ‘मावशी, मी कसा आहे गं?’ असे विचारू नये. त्याला ‘गुणाचा आहेस रे’ किंवा ‘बापावर गेलास’ ही दोनच उत्तरे मिळतात आणि दोन्ही तपासता येत नाहीत. ‘काल जेवताना मी किती वेळा मोबाइल पाहिला?’ असे विचारावे. आकडा ऐकून राग आला तर राग आल्याचीही नोंद करावी. त्या रागामागची धास्ती आपल्यालाच कळते, हे वर आलेच आहे.

दुसरी हरकत परंपरेची: आत्मशोध ही एकांतातली गोष्ट, तिचा असा पंचनामा करू नये. सुरतेचा इतिहास नेमका उलटी साक्ष देतो. महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली लिहिणारे दादोबा पांडुरंग पुढे सुरतेत शिक्षक होते. २२ जून १८४४ रोजी त्यांनी समाजसुधारक दुर्गाराम मेहताजी आणि इतर सोबत्यांसह मानवधर्मसभा काढली. ही सभा आपल्याच समाजाच्या समजुती उघडपणे तपासत असे. मंत्रतंत्र येतात म्हणणाऱ्यांना ‘करून दाखवा’ असे जाहीर आव्हान देत असे. दुर्गारामांनी रोजनिशी ठेवली आणि तिच्याच आधारे पुढे त्यांचे चरित्र लिहिले गेले. दादोबांनी स्वतःचे आत्मचरित्र लिहिले. ज्यांचे नाव इथल्या विद्यापीठाच्या गुणपत्रकावर असते त्या कवी नर्मद यांनी १८६६ साली, ३३ व्या वर्षी, ‘मारी हकीकत’ ही आत्मकथा लिहून तिच्या मोजक्याच प्रती छापल्या. सगळ्यांच्या हाती ती १९३३ साली आली. या मंडळींनी स्वतःला कागदावर आणून मग पाहिले. त्यांच्यापुढे आपली शंभर पानी वही अगदीच माफक मागणी करते.

उरली शेवटची आणि खरी हरकत. सतत स्वतःला मोजणारा मुलगा कुढू लागेल. शिवाय सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर मार्केटमध्ये बिले फाडणाऱ्याला असले सोस परवडत नाहीत. पहिल्या भागाचे उत्तर असे की कुढणे ‘मी असा का?’ या प्रश्नावर पोसते, आणि वहीत तो प्रश्न विचारायलाच मनाई आहे. तिथे फक्त ‘किती’ आणि ‘केव्हा’ चालते. ज्याची झोप-भूक मात्र खरोखरच उडाली आहे, त्याने वही बाजूला ठेवून जाणत्या माणसाशी बोलावे; त्या कामाला हे मार्गदर्शन अपुरे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे: रोज दोन ओळी लागतात, आणि वही नसेल तर रद्द झालेल्या बिलाची कोरी बाजू चालते. तारीख मात्र टाकावी. तारखेशिवायचा अंदाज निकालानंतर सुधारून घेण्याची कला आपल्या सगळ्यांनाच येते.