बघायचं, हात लावायचा नाही

रात्री पावणेअकराला डोंबिवलीहून आईचा फोन येतो, तो एक तर कुणीतरी गेल्याचा, नाही तर टीव्हीचा रिमोट बिघडल्याचा. त्या रात्री तिसरंच काहीतरी निघालं.

"अरे, तुझं ते ॲप रुसलंय," आई म्हणाली. "मोठ्या काकूंनी तीनदा उघडून बघितलं. लाल अक्षरात काहीतरी इंग्रजी येतंय. आणि उद्या भिशी आहे."

लाल अक्षरातलं ते इंग्रजी मला पाठ होतं, कारण ते जसंच्या तसं पडद्यावर दाखवायची व्यवस्था मीच केली होती. 'मिसिंग ऑर इन्सफिशियंट परमिशन्स.' म्हणजे परवानगी नाही, किंवा असली तर पुरेशी नाही. यातलं नेमकं काय, कोणाला, कशाची, ते काही नाही. खिडकीपलीकडून "कागद अपुरे आहेत" एवढंच ऐकू यावं आणि साहेब जेवायला निघून जावेत, तसला प्रकार. आता शांतपणे विचार केला तर या तुटकपणात शहाणपण आहे. "बाकी सगळं उघडलंय, फक्त वरची कडी राहिलीय" असं चोराला सांगणारं कुलूप कोण विकत घेईल? पण ते शहाणपण पटायला माणूस दाराच्या आत असावा लागतो. मी बाहेर होतो, आणि माझ्याबरोबर बारा बायका.

आईची भिशी १९९६ पासून चालू आहे. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी दोन हजार, एकूण चोवीस हजार. दर महिन्याला चिठ्ठी निघते. जिला भिशी लागली तिचं नाव वर्षभर चिठ्ठ्यांतून बाद, पण हप्ता मात्र चुकत नाही. हा सगळा कारभार एका लांबड्या वहीत चालायचा. गेल्या पावसाळ्यात त्या वहीवर ताकाचं पातेलं कलंडलं आणि अर्ध्या वर्षाचे हप्ते धुऊन निघाले. मी दिवसा एका कंपनीत हिशेब तपासतो आणि रात्री व्हिडिओ बघून ॲप बनवायला शिकतो. त्यामुळे "त्यात काय एवढं, मी ॲप करून देतो," हे वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. आयुष्यातली बरीच संकटं "त्यात काय एवढं"नेच सुरू होतात.

हिशेब ठेवायला मी फायरस्टोअर घेतलं. क्लाउडवरचं हे कोठार मोठं सोयीचं आहे. जुन्या पद्धतीत फोन आणि माहिती यांच्यामध्ये एक सर्व्हर बसलेला असायचा, बँकेतल्या कारकुनासारखा. तो चष्म्यावरून बघायचा, सही जुळवायचा, मग पासबुक द्यायचा. फायरस्टोअरमध्ये फोन थेट तिजोरीशी बोलू शकतो. कारकून नाही म्हटल्यावर तिजोरीच्या दारावरच नियमांचा कागद लावावा लागतो: कोणी काय वाचायचं, कोणी काय लिहायचं. सुरुवातीला दोन पर्याय मिळतात. एक, दार बंद. दोन, 'टेस्ट मोड', म्हणजे ३० दिवस दार सताड उघडं, तोवर तुमचे नियम लिहा. मी अर्थातच दुसरा निवडला. मुदत कधी संपते ती तारीख नियमातच लिहिलेली असते आणि वर आठवणीची मेलही येते. ती मी विम्याच्या हप्त्याच्या आठवणींशेजारी ठेवून दिली. एकतिसाव्या दिवशी दार लागलं. दाराची यात काहीच चूक नव्हती.

अशा वेळी मध्यरात्री थकलेला माणूस जे करतो, तेच मी केलं. नियमांच्या पानावर वाचायला-लिहायला परवानगी कधी द्यायची, तिथे एकच शब्द टाकला: 'ट्रू'. खरं! काय खरं? काहीही खरं. कुलूप अडकतंय म्हणून दारच बिजागऱ्यांसकट काढून गच्चीवर ठेवण्यासारखं हे आहे. पण लाल अक्षरं गेली, हिशेब दिसू लागला आणि मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी भिशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे होती. मटार करंज्या होत्या. आधी ॲप फक्त आईच्या फोनवर होतं; त्या आठवड्यात ते बाराही जणींच्या फोनवर गेलं होतं. सगळ्यांनी एकदमच उघडलं. सगळ्यांना सगळं दिसलं. आणि 'थकबाकी' या मथळ्याखाली, मीच हौसेनं निवडलेल्या केशरी रंगात, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं नाव दिसलं. चार हजार.

आता वहिनींचे दोन हप्ते राहिलेत, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. त्यांच्या यजमानांचं काय झालंय तेही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. या दोहोंमध्ये जी फट असते तिच्यातच शेजारधर्म राहतो, आणि मी तिथे ट्यूबलाइट लावली होती. वहिनी अर्धी करंजी बशीत ठेवून "कुकर लावायचाय" म्हणून उठल्या. दुपारी साडेचारला कोणी कुकर लावत नाही.

"भर घरात पाटी लावलीस तिच्या नावाची," आई संध्याकाळी एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी लगेच नियम कडक केला: ज्यानं लॉगिन केलंय त्यालाच परवानगी. ॲपमध्ये फोन नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, की झालं लॉगिन. मला वाटलं, जिंकलो. मग लक्षात आलं, की ओटीपी डोंबिवलीतल्या कुणालाही येतो. रिक्षावाल्यालाही येतो आणि वहिनींच्या नणंदेलाही. दारात नाव सांगितलं म्हणजे पाहुण्याला लोखंडी कपाट उघडायला मिळत नाही. ओळख ही एक गोष्ट आणि अधिकार ही दुसरी. कोणाला काय अधिकार आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

म्हणून रविवारी डोंबिवली गाठली. लोकलमध्ये उभ्या-उभ्या मला आजीची कोठीची खोली आठवली. त्या खोलीला नियमांचा कागद नव्हता, पण नियम होते. लोणच्याची बरणी: बघायचं, हात लावायचा नाही. गच्चीतले पापड: राखायचे, खायचे नाहीत. लाडवांचा डबा: मागून, एक. तुपाचं भांडं: फक्त आजी. मांजर: कुठेच नाही. हे सगळं घरातल्या पाच वर्षांच्या पोराला तोंडपाठ होतं, आणि मोडणाऱ्याला कारण न सांगता नकार मिळे. 'इन्सफिशियंट परमिशन्स' मी प्रथम तिथेच ऐकलं. तेव्हा त्याचा उच्चार "हात काढ" असा होता.

मोठ्या काकू भिशीच्या अध्यक्षा, आई खजिनदार. मी लॅपटॉप उघडून विचारलं, "काकू, कोणाला काय दिसायला हवं?"

"त्यात विचारायचंय काय?" काकू म्हणाल्या. "जिचा हप्ता, तिनं बघावा. तुझ्या आईनं सगळ्यांचे बघावेत, कारण वसूल तिला करायचेत. भिशी कोणाला लागली ते सगळ्यांना दिसावं, नाही तर भांडणं. लिहायचं तुझ्या आईनंच."

"आणि चुकून लिहिलं तर खोडायचं कोणी?"

"खोडायचं नाही. कोणीच नाही. खाली नवी ओळ लिहायची, चूक झाली म्हणून."

मी हिशेब तपासून पोट भरणारा माणूस. खोडाखोड नको, उलटी नोंद करा, हे लोकांना वीस वर्षं सांगत आलोय. आणि माझ्या ॲपमध्ये प्रत्येक ओळीसमोर कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं! फायरस्टोअर आलं २०१७ साली. वाचणं, नवं लिहिणं, बदलणं आणि पुसणं यांना वेगवेगळी परवानगी देता येते, हे मला त्याच्यामुळे कळलं. काकू १९९६ पासून तेच करत होत्या, ओटीपीशिवाय.

काकूंची पाच वाक्यं नियमांत उतरवायला मला पाच रात्री लागल्या.

पहिल्या रात्री पुन्हा लाल अक्षरं. माझं ॲप तिजोरीकडे जाऊन म्हणायचं, "सगळे हप्ते द्या, त्यातले माझे मी निवडून घेते." आणि नियम म्हणत होता, जिचा हप्ता तिलाच. मला वाटलं होतं, तिजोरी समजूतदारपणे बाकीच्यांचे बाजूला ठेवील आणि हिचे तेवढे देईल. नाही. हे नियम म्हणजे चाळण नव्हे. मागणीत एकही परका दाणा येण्याची शक्यता असेल तर अख्खी मागणीच परत. रेशनच्या दुकानात "सगळी पोती बाहेर काढा, माझे पाच किलो मी मोजून घेतो" म्हटलं तर जे उत्तर मिळेल, तेच. नियम बरोबर होता. मागायची रीत चुकत होती. ॲपला "फक्त माझे हप्ते द्या" असं स्पष्ट मागायला शिकवलं.

दुसऱ्या रात्री स्पष्ट मागूनही नकार. हा शोध तीन तास चालला. ओटीपीनं लॉगिन केलं की त्या माणसाचा नंबर अधिक एक्क्याण्णव लावून येतो. आईच्या वहीत, आणि म्हणून माझ्या नोंदींत, नुसते दहा आकडे. यंत्राच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. काकू स्वतःच्या दारात उभ्या राहून "अहो मीच ती" म्हणताहेत आणि आतून उत्तर येतंय, "त्या दहा आकड्यांच्या आहेत, तुम्ही कोण?"

तिसऱ्या रात्री कळलं, की महिन्याच्या नोंदीला दिलेली परवानगी तिच्या पोटातल्या चिठ्ठ्यांना आपोआप मिळत नाही. दिवाणखान्यात बसवलं म्हणजे स्वयंपाकघरात बोलावलं असं होत नाही. चौथ्या रात्री कळलं, की नवी नोंद करताना मी जुनी नोंद तपासायला सांगत होतो. जे मूल जन्मलंच नाही त्याचा जन्मदाखला मागत होतो.

पाचवी रात्र मात्र नुसत्या उतावीळपणात गेली. बदललेला नियम नव्या मागणीला लागू व्हायला मिनिटभर लागू शकतो, आणि आधीपासून उघड्या असलेल्या पडद्यांपर्यंत पोचायला दहा मिनिटंसुद्धा. मी बरोबर नियम लिहायचो, वीस सेकंद थांबायचो, काही घडत नाही म्हणून तो बिघडवायचो, आणि तेवढ्यात आधीचा बरोबर नियम लागू होऊन ॲप चालायचं. मग मी त्या बिघडवलेल्यालाच बरोबर समजायचो.

शेवटी शहाणा झालो आणि तालमीची सोय वापरली. नियमांच्या पानावर एक खेळ असतो: समजा मी अमुक आहे, मला तमुक नोंद वाचू द्या. उत्तर लगेच मिळतं, हो किंवा नाही. त्या रात्री साडेबारापर्यंत मी आळीपाळीनं बारा बायकांचं सोंग घेत होतो. बायको पाणी प्यायला उठली.

"आत्ता कोण आहेस?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या काकू."

"मग करंजीच्या सारणात काय घालतात ते विचारून घे," म्हणाली आणि झोपायला गेली.

पुढची भिशी आईकडे होती. मी मुद्दाम हजर राहिलो. बारा फोन उघडले. प्रत्येकीला आपापले हप्ते दिसले, लागलेली भिशी सगळ्यांना दिसली, कचऱ्याचा डबा कुणालाच दिसला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आपला फोन जरा तिरका धरून बघितला, मग सरळ धरला. त्यांनी दोन करंज्या खाल्ल्या. मला पारितोषिक मिळाल्यासारखं वाटलं.

मोठ्या काकू मात्र फोन न बघता माझ्याकडे बघत होत्या. "काय रे, तुला किती दिसतं?"

खोली गप्प झाली. सांगायला हवं होतं, की हे सगळे नियम फोनवरून येणाऱ्यांसाठी. ज्यानं तिजोरी मांडली तो कन्सोलमधून मागच्या दारानं आत जातो, आणि तिथे यातला एकही नियम आडवा येत नाही. पाच रात्री मी बारा जणींना एकमेकींपासून झाकत होतो, आणि स्वतः बाराही जणींचं उघडं पान मांडीवर घेऊन बसलो होतो.

"सगळं," मी म्हणालो.

"म्हणजे भिशीत नसलेल्या माणसाला सगळं दिसतं," काकूंनी शांतपणे नोंद केली. त्यांनी बाकीच्यांकडे एक नजर फिरवली. एवढ्यात ठराव मंजूरही झाला असावा. "मग तू भिशीत ये. महिना दोन हजार. ज्याचे पैसे अडकलेत तो तोंड बंद ठेवतो."

असा मी तेरावा सभासद झालो. भिशी आता सव्वीस हजारांची आहे. चिठ्ठी अजून माझी निघालेली नाही. ॲपमध्ये मला बाकीच्यांसारखे फक्त माझेच हप्ते दिसतात, आणि मागच्या दाराकडे मी शक्यतो जात नाही.

गेल्या महिन्यात कामाच्या गडबडीत हप्ता भरायचा राहिला. रात्री पावणेअकराला फोन वाजला.

"दोन हजार," आई म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"केशरी अक्षरात दिसतंय. तूच दिलीयस ना मला परवानगी?"