परत जाण्याची हमी आणि कायम राहण्याचा अर्ज

टार्नीट, मेलबर्न
ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. शिकावयास गेलेला मनुष्य रात्री दुकानात माल का लावतो, माल लावणारा मध्येच आठवडाभर घरी का बसतो, आणि शिक्षण संपताच परत येईन असे सरकारास लिहून देऊन गेलेला आता तेथेच कायम राहण्याचा अर्ज का करतो, अशा तीन पृच्छा आपण केल्या आहेत. तिन्हींस उत्तर एकच, की येथील कायदा तसा आहे. सारी हयात मामलेदार कचेरीत काढलेल्या आपणांस एवढे उत्तर पुरले असते. परंतु पत्र आईस वाचून दाखविले जाणार, सबब खुलासेवार लिहितो.

अभ्यासक्रम चालू असता विद्यार्थ्याने पंधरवड्यात ४८ तासांहून अधिक काम करू नये, असा १ जुलै २०२३ पासूनचा दंडक आहे. त्यापूर्वी, करोनानंतर मजुरांची टंचाई पडली तेव्हा, सरकारने ही मर्यादा काही काळ उठविली होती. टंचाई सरताच विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा असे सरकारास पुन्हा वाटू लागले. येथील पंधरवडा कोणत्याही सोमवारी सुरू होतो. म्हणजे गेल्या आठवड्यात ३० तास भरले तर या आठवड्यात १८ च उरतात, आणि हेच १८ पुढील आठवड्याच्या हिशेबातही धरावे लागतात. जमाबंदीच्या काळात आपण रात्री जागून ताळेबंद जुळवीत असा, तसा मी आता दर रविवारी जुळवतो. किमान मजुरी ताशी २४.९५ डॉलर असल्याने प्रत्येक तास मोलाचा, आणि ४८ वरचा प्रत्येक तास व्हिसावर बेतणारा. सौभाग्यवतीस मात्र ही मर्यादा नाही; पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या पत्नीने वाटेल तितके काम करावे, अशी सरकारची उदार परवानगी आहे. सबब ती पूर्ण वेळ पाळणाघरात असते आणि मी उरल्या वेळात घर पाहतो. माझी भाकरी आता फुगते, हे आईस अवश्य सांगावे.

आता कायम वास्तव्याच्या अर्जाविषयी. येथे मनुष्याची किंमत गुणांत करतात. किमान ६५ गुण असल्याखेरीज अर्जाचे बोलावणे येत नाही, आणि ६५ वर समाधान मानणाऱ्यासही ते सहसा येत नाही. वय २५ ते ३२ असल्यास ३० गुण. तेहतीस पूर्ण होताच २५. पुढील वैशाखात आई वाढदिवसाचे औक्षण करील त्याच दिवशी सरकार माझे पाच गुण कापील. पदवीचे १५, इंग्रजीचे १०, पुण्यातील अभियंतापदाच्या अनुभवाचे १०. येथे रात्रंदिवस लावलेल्या मालाचे शून्य, कारण ती चाकरी कुशल व्यवसायांच्या यादीत बसत नाही. पत्नीस कामापुरते इंग्रजी येत असल्यास पाच गुण मिळतात, आणि अर्जदार अविवाहित असल्यास दहा. म्हणजे आपण एवढ्या हौसेने लावून दिलेले माझे लग्न सरकारी हिशेबात पाच गुणांच्या तुटीत आहे. ही तूट मी सौ.ला वाचून दाखविली, तेव्हा घरभाडे कोणाच्या पगारातून जाते एवढेच तिने विचारले. तेव्हापासून तो विषय दप्तरी दाखल आहे.

आपणांस संतोष वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. दुभाष्याची एक परीक्षा असते आणि ती मराठीतूनही देता येते. सुमारे तीनशे शब्दांचे दोन संवाद ऐकावयाचे, इंग्रजीचे मराठी आणि मराठीचे इंग्रजी करून सांगावयाचे, आणि ९० पैकी ६३ मिळविले की पाच गुण पदरात पडतात. परीक्षा अर्ध्या तासात आटोपते. येथे दोन वर्षे शिकून, त्यासाठी घरावर कर्ज काढून, जी पदवी घ्यावयाची, त्या येथील शिक्षणाबद्दलही पाचच गुण आहेत. लहानपणी आपण सक्तीने घातलेले मराठी शुद्धलेखन आणि हे परदेशी विद्यापीठ यांची योग्यता ऑस्ट्रेलियाच्या सरकारने अशी समसमान ठरविली आहे. फी मात्र आपण घेतली नव्हती. एकूण बेरीज ८० होते, आणि राज्य सरकारने शिफारस केल्यास ८५.

आपल्या मनातील खरा सल तिसऱ्या पृच्छेचा आहे, हे मी जाणतो. आम्ही निघालो तेव्हा 'मी तात्पुरताच येत आहे' असे प्रत्येक विद्यार्थ्यास सकारण लिहून द्यावे लागे. मी वृद्ध मातापित्यांचा, वाईच्या घराचा आणि पुण्याच्या नोकरीचा दाखला देऊन ते लिहून दिले, आणि त्या दिवशी त्यातील अक्षर न् अक्षर खरे होते. पण ज्या सरकारने ती हमी घेतली, तेच सरकार येथे शिकल्याबद्दल कायम राहण्यासाठी पाच गुण देते. परतच जाणाऱ्यास ते गुण काय कामाचे? हा पेच सरकारच्याही ध्यानात आलेला दिसतो. २३ मार्च २०२४ पासून ती हमी रद्द झाली असून, विद्यार्थी खरोखर शिकण्यास येत आहे की नाही, यावरच आता भर देतात. शब्द मी मोडला असे म्हणण्यापेक्षा, घेणाऱ्यानेच तो माफ केला, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

बोलावणे आल्यावर ६० दिवसांच्या मुदतीत अर्ज रुजू करावा लागतो. त्याबरोबर 'ब्रिजिंग' नावाचा मधल्या काळाचा व्हिसा मिळतो. परंतु विद्यार्थी-व्हिसाची मुदत संपेपर्यंत तो अंमलात येत नाही, आणि तोवर अभ्यासक्रम चालू असेपर्यंत ४८ तासांचा दंडक कायम राहतो. तो अंमलात आल्यावर काम वाटेल तितके करता येते, मात्र देशाबाहेर जाऊन परत यावयाचे तर त्याच जातीचा दुसरा व्हिसा आधी मागावा लागतो. सबब येत्या गणपतीस येऊ की नाही, याचे उत्तर या घडीस माझ्या हाती नाही. येथील मंडळाच्या उत्सवात आरतीनंतर प्रत्येक गृहस्थ प्रसादाबरोबर व्हिसाविषयी सल्ला देतो. नोंदणीकृत सल्लागार वा वकील यांखेरीज असा सल्ला देण्यास येथे कायद्याने सक्त मनाई असल्याने मी फक्त प्रसाद घेतो.

कायम वास्तव्य म्हणजे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो, आणि मंजुरीपासून पाच वर्षे ये-जा करण्यास मोकळीक असते. हे आईस दोनदा वाचून दाखवावे.

आता काम. दादास पुण्याच्या कचेरीत धाडून माझ्या अनुभवाचा दाखला घ्यावा. त्यात हुद्दा, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि वेतन ही चारही कलमे असावीत. माझ्या चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलीस घरी चौकशीस येण्याचा संभव आहे. त्यांना चहा द्यावा, आणि 'पोरगा कायमचा गेला हो' असे आईने डोळ्यांस पदर लावून सांगू नये. वर्तणूक चांगली आहे, एवढेच सांगावे. त्यांना तेवढेच लिहावयाचे असते.

कळावे. आशीर्वाद असावा.

आपला आज्ञाधारक पुत्र