बोर्ड जात नसतो

"माणूस जातो, बोर्ड जात नसतो," हा आप्पांचा सिद्धांत. दुकानदाराने 'मदरबोर्ड गेलाय, नवा घ्या' म्हणून परत पाठवलेला लॅपटॉप दिसला, की दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते नातवाच्या बारशालाही आलं नव्हतं. हे काकूंचं निरीक्षण.

परवा वरच्या मजल्यावरचा मुलगा चहा सांडलेला लॅपटॉप घेऊन आला. यंत्र 2011 सालचं. आप्पांनी पहिला प्रश्न केला, "साखरेचा होता का?" मधुमेह आप्पांना, चौकशी बोर्डाची! पण प्रश्न रास्त होता. पाणी सुकतं, साखर-दूध चिकटून बसतं, ओल धरतं, आणि त्यात वीज खेळली की तांब्याच्या रेघा हिरव्या पडून कुरतडल्या जातात.

जेवणाचं टेबल जप्त झालं. स्क्रू इडलीपात्राच्या वाट्यांत, काढले त्याच क्रमाने. कारण लांब स्क्रू आखूडाच्या जागी पिळला तर बोर्डच दुखावतो. त्या दिवशी ठरलेल्या इडल्यांचे पोहे झाले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्डाला अभ्यंगस्नान घातलं. मग मल्टीमीटर. अडॅप्टरचे 19 व्होल्ट जिथून आत शिरतात तिथे टोकं टेकवली, तर 'पींऽऽ'. "शॉर्ट आहे," आप्पा म्हणाले. एवढ्या आनंदाने वाईट बातमी सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्या एका वाटेवर संशयित डझनावारी. आप्पांनी पॉवर सप्लायवरून जेमतेम एक व्होल्ट सोडला आणि बोर्डावर अल्कोहोल शिंपडलं. शॉर्ट झालेला भाग तापतो, तिथलं अल्कोहोल आधी उडतं. रात्री साडेअकराला "सापडला चोर!" अशी आरोळी आली, तेव्हा शेजारच्यांनी खरोखरच दिवे लावले.

चोर म्हणजे एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद कपॅसिटर. त्याचा वारस मेलेल्या दुसऱ्या बोर्डावरून मिळाला. आप्पा याला देहदान म्हणतात. बिनशिशाचं सोल्डर 217 अंशांच्या पुढे वितळतं, शिशाचं 183 ला. म्हणून आप्पा जुन्या सांध्यावर आधी थोडं शिशाचं चढवतात, मग तो लवकर पाघळतो. चिमटा उचलला की घरात कर्फ्यू. ऐन मे महिन्यात पंखा बंद, कुकरची शिट्टी बंद, शिंकायचं असेल त्याने गॅलरीत जायचं.

आणि लॅपटॉप चालू झाला! निळ्या पडद्यावर विंडोज 7 उमललं. मायक्रोसॉफ्टने त्याची काळजी घेणं जानेवारी 2020 मध्येच सोडलंय, हे सांगायची माझी छाती झाली नाही. मुलगा आला, वाहवा केली आणि म्हणाला, "आप्पा, मी नवा घेतलाय. हा राहू दे तुमच्याकडेच."

आप्पांना तिळमात्र वाईट वाटलं नाही. दिवाणाखाली असे जिवंत केलेले लॅपटॉप रचून ठेवलेत, आणि आप्पा स्वतः बातम्या मोबाईलवर बघतात. चालत्या यंत्रात त्यांना रस नाही.

तेव्हा तुमचा लॅपटॉप बंद पडला असेल तर खुशाल घेऊन या, आप्पा पैसेही घेत नाहीत. मात्र चालू असलेला घेऊन येणार असाल, तर तो पिशवीतच राहू द्या.