गृहशिक्षितांची सागरसफर

पुण्या-मुंबईतले काही सुजाण पालक मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात, याचं हल्ली फार कौतुक होतं. जव्हार-मोखाड्याने या क्षेत्रात केव्हाच आघाडी घेतली आहे. दखल मात्र कुणी घेतली नाही. दिवाळी सरली की इथली कुटुंबं मुलाबाळांसह वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अभ्यासक्रम अर्थातच निवासी. वाळत घातलेल्या कच्च्या विटा पहाटे उठून उलटायच्या, हा कार्यानुभव. हजारी भावातून आईबापांची उचल वजा केली, की बाकी शेठचीच निघते, हे गणित. गृहपाठ वेगळा द्यावा लागत नाही.

अशा विद्यार्थ्यांना गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधु साधना' जहाज अवश्य दाखवावं. तारेला उपकरण बांधून समुद्रात सोडायचं आणि कुठल्या खोलीवर पाणी किती खारं, किती थंड ते मोजायचं, असं तिथलं काम. मे महिन्यात दोराला दोर जोडून विहिरीच्या तळाशी कळशी टेकवणाऱ्या मुलींना ते फार नवखं वाटू नये. खोल समुद्रात जाणाऱ्या जहाजांवर खारं पाणी गोडं करण्याची सोयही असते. तिथे मात्र मार्गदर्शकाने उत्तर तयार ठेवावं. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणातून २०१४पासून रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मुंबईला जाऊ लागलं; त्यामुळे तिथलं एखादं पोर हमखास विचारणार, "हे पाणी पण मुंबईलाच जातं का?"

सहल जूनमध्ये ठेवावी. त्याआधी विद्यार्थ्यांना रजा मिळत नाही.