बसा, पण आडवे होऊ नका

मुलाकडे इंग्लंडमध्ये यॉर्कशरला पोचलो त्याच संध्याकाळी चिरंजीवांनी बजावलं, "बाबा, इथे आजारी पडलात तरी चालेल, पण ॲडमिट व्हायचं नाही."

तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, १९४८ पासून चालू आहे. आमच्यासारख्या व्हिजिटर व्हिसावाल्यांना तिचा नियम मजेशीर. इमर्जन्सी विभागात तपासणी फुकट. जीपी म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, तोही फुकट. पण एकदा ॲडमिट करून घेतलं की बिल, तेही सरकारी दराच्या दीडपट! थोडक्यात, खुर्चीत कण्हणारा सरकारचा जावई आणि खाटेवरचा सावकाराचं कूळ. विमा होता म्हणा, पण 'आधीपासूनचे आजार वगळून'. साठीनंतर माणसापाशी दुसरे कुठले आजार असतात?

आल्या आल्या हिला खोकला झाला. जीपीने छाती तपासली आणि पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती सांगून गोड हसून निरोप दिला. इंजेक्शन नाही, पुड्या नाहीत, पथ्यसुद्धा नाही. "फुकटचा डॉक्टर असाच असायचा," ही म्हणाली आणि पुण्याहून आणलेलं बाटलीतलं औषध घेऊन बरी झाली.

पुढे बर्फावरून पाय घसरून हिचं मनगट सुजलं. मुलाने १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाईंचा पहिला प्रश्न, श्वास घेता येतोय का?

"अगं बाई, मी काय नाकावर पडलेय?"

इमर्जन्सीत गेलो. चार तासांत रुग्णाला घरी सोडावं, ॲडमिट करावं किंवा दुसरीकडे हलवावं, असं सरकारी उद्दिष्ट आहे. आमच्या आधीपासून बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरून ते कधीच टळून गेलेलं दिसत होतं. हिचा चेहरा पांढरा पडलेला पाहून एक प्रेमळ नर्स आली आणि स्ट्रेचरकडे हात करून म्हणाली, जरा आडव्या होता का?

हिने चांगल्या हाताने खुर्ची घट्ट धरली. "नो, नो! ओन्ली सिटिंग!"

नुसतं पडल्याने कुणी ॲडमिट होत नाही, हे मुलाने परोपरीने समजावलं. छे! एक्स-रेसुद्धा बसूनच काढला. हाड शाबूत होतं, बिल शून्य.

पार्किंगच्या यंत्राने मात्र पैसे मागितले. मुलाने मुकाट्याने कार्ड काढलं.

"बघा," ही मला म्हणाली, "उभं राहण्याचेही घेतात मेले!"