शोधायला कुणी येणार नाही, असं तुला वाटलं होतं

आल्फ्रेड राउस,

'सप्रेम नमस्कार' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो. १० मार्च १९३१ ला बेडफर्डच्या तुरुंगात तुला फाशी झाली. तुझ्या खटल्यावर माणसं आजही तावातावानं बोलतात, आणि ज्याला तू जाळलंस त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. हे पत्र त्यासाठी.

५ नोव्हेंबर १९३०. इंग्लंडभर होळ्या पेटवायची ती रात्र. उत्तररात्री नाचाहून घरी निघालेल्या दोन पोरांना नॉर्थॅम्प्टनजवळ हार्डिंगस्टोनच्या रस्त्यावर तू दिसलास. बोडक्या डोक्याचा, हातात बॅग. पलीकडच्या जाळाबद्दल म्हणालास, कुणीतरी शेकोटी केलेली दिसते. त्या शेकोटीत तुझीच मॉरिस मायनर होती आणि पुढच्या सीटवर पालथा पडलेला माणूस होता. त्याच्या श्वासनलिकेत काजळी सापडली. म्हणजे आग लागली तेव्हा तो जिवंत होता. हे वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढे सगळ्यांनी डोकं लढवलं ते पेट्रोलच्या नळीवरच्या पितळी नटावर. तो आगीनं सैल झाला की तुझ्या हातानं? कोर्टात सरकारी वकील नॉर्मन बर्केटनं बचावाच्या जाणकाराला पितळेचा प्रसरणांक विचारला, त्याला तो सांगता आला नाही, आणि वकील मंडळी हा किस्सा अजून मिटक्या मारत सांगतात. गाडीजवळ सापडलेल्या लाकडी हातोड्यावरही चर्चा झाली. मेलेला माणूस मात्र बिननावाचाच राहिला.

फाशीनंतर तुझा कबुलीजबाब छापून आला. लफडी आणि देणी अंगाशी आली होती, तुला आपण मेलो असं भासवून पसार व्हायचं होतं. त्यासाठी तू असा माणूस हेरलास, जो नाहीसा झाला तरी कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटणार नाही. हा हिशेब किती नीच होता आणि किती चुकीचा! १९३० साली लंडनमध्ये घराबाहेर पडलेला आपला माणूस परतलाच नाही, तो हाच असेल का, म्हणून एक कुटुंब तब्बल ऐंशी वर्षांनी पुढे आलं. काचपट्ट्यांवर जपून ठेवलेल्या मृताच्या पेशींची डीएनए तपासणी झाली. २०१४ मध्ये उत्तर आलं: जुळत नाही. कुटुंबाची तीही अटकळच होती, पण नटाबोल्टाच्या चर्चेसारखी रिकामटेकडी नव्हती. त्या घरात आजीपासून नातवापर्यंत कुणीतरी वाट बघत होतं.

हार्डिंगस्टोनच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. अज्ञात माणसाची.

लंडनहून तो तुझ्या शेजारी बसून आला. वाटेत तू त्याला व्हिस्की पाजलीस. तेवढ्या वेळात, अरे, त्याचं नाव विचारायला तुला काय लागत होतं?