पार्किंगमधली तिसरी पाळी

पिंपळे सौदागरच्या कुठल्याही सोसायटीत चार विंगा, एक गणपती, दोन व्हॉट्सॲप ग्रुप आणि किमान एक टेल्कोकर असतो. कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं हे त्याला माहीत आहे, मान्य नाही. शेजारी नव्या गाडीचे पेढे घेऊन आला की तो आधी खाली जाऊन दाराच्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का ते बघतो, मग पेढा घेतो. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभा असतो तेव्हा लोकांना वाटतं नामस्मरण चाललंय. तो बेअरिंगचा आवाज ऐकत असतो.

आमच्या बी विंगच्या टेल्कोकर काकांनी रिटायर झाल्यावर देवदर्शन, नातू आणि शुगर या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या आणि चाकणजवळच्या एका शेतातून 1990 ची टाटा मोबाइल उचलून आणली. उचलूनच, कारण चाकं मातीत रुतली होती. हा पिकअप कंपनीनं 1988 साली आणला. तोवर ट्रक बनवणाऱ्यांनी मोटारीच्या बाजूला टाकलेलं ते पहिलं पाऊल. त्याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा आली आणि पाठोपाठ इस्टेट. काका हे सगळं इतक्या जिव्हाळ्यानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं घराण्याची वंशावळ चाललीय. 2025 च्या नोव्हेंबरात सिएरा नव्या अवतारात आली, तेव्हा तर लिफ्टमध्ये भेटेल त्याला "आजी खाली पार्किंगमध्ये आहे" असं सांगत होते.

गाडी खरवडायला घेतली तेव्हा आतून एकेक राजवट बाहेर येऊ लागली. वर पोपटी. त्याखाली निळा, तोही ब्रशनं मारलेला; भिंतीचा उरलेला असणार. त्याखाली बोटभर लांबी. बाहेरची मंडळी पुट्टी म्हणतात तीच. पत्र्याचे सगळे गुन्हे तिच्याखाली गाडलेले असतात. सगळ्यात तळाशी, सीटखालच्या कोपऱ्यात, रुपयाएवढा मूळ पांढरा सापडला आणि काकांनी तो काकूंना खाली बोलावून दाखवला. काकूंनी बघितला आणि गॅसवर भाजी आहे म्हणून वर गेल्या. दाराच्या पोकळीतून कांद्याची साल निघाली. चाकण गाड्यांचं गाव होण्याआधी कांद्याचं होतं, याचा इतका टिकाऊ पुरावा मी दुसरा पाहिला नाही.

मूळ पांढरा सापडला ते बरंच झालं. रंग बदलला की आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, म्हणजे मोशीला आरटीओत खेटे. गाडीला विंटेज म्हणावं तर नियमानं पन्नाशी लागते. म्हणजे आरटीओच्या लेखी म्हातारी आणि विंटेजवाल्यांच्या लेखी पोरसवदा.

खरी मौज पुढे आहे. काकांनी उभी हयात असेंब्ली लाइनवर काढली, पण लाइनवर त्यांच्या वाट्याला यायचं ते फक्त डावं दार. बिजागरी लावायची, दार बसवायचं, पुढची गाडी. डाव्या दाराबद्दल त्यांच्याइतकं ज्ञान पंचक्रोशीत कोणाला नसेल. उरलेल्या गाडीशी मात्र त्यांची ओळख साठीनंतर झाली. त्यामुळे डावं दार एका दुपारात लागलं आणि उजव्याला अख्खा श्रावण गेला.

माणूस एकटा असला तरी कारखान्याची शिस्त सुटत नाही. सकाळी काका फिटर असतात. दुपारी चष्मा बदलून इन्स्पेक्टर होतात आणि सकाळच्या फिटरचं काम रिजेक्ट करतात. पिलरवर खडूनं फुली मारतात, तारीख घालतात, खाली सही करतात. संध्याकाळी चहाच्या वेळी युनियन जागी होते. 1989 साली राजन नायरांच्या मागे टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते, त्यात आपण होतो की नव्हतो हे काका अजून नीट सांगत नाहीत; मात्र काकूंनी चहाऐवजी ग्रीन टी पाठवला त्या दिवशी काम बंद राहिलं होतं.

सुटे भाग मिळवणं हा वेगळा उद्योग. जुन्या बाजाराच्या बुधवार-रविवारच्या फेऱ्या झाल्या. कुदळवाडीच्या भंगारवाल्यांवर त्यांची मोठी भिस्त होती, पण 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं ती पत्राशेडं पाडली. आमच्या सोसायटीत त्या दिवशी धूळ कमी होईल म्हणून आनंद झाला. काका एकटे सुतकात होते. शेवटी एका मेलेल्या सिएराचे हेडलाइट मिळाले. नाक दोघींचं एकच, त्यामुळे ते चपखल बसले.

मग रंग. कारखान्यात हल्ली कोरी बॉडी प्रायमरच्या हौदात अख्खी बुडवतात, म्हणजे कानाकोपऱ्यात रंग पोचतो. ही माहिती दिल्यापासून काका सोसायटीच्या स्विमिंग पूलकडे ज्या नजरेनं बघतात ती मला आवडत नाही. मी कमिटीचा सेक्रेटरी आहे. फवारा आमच्या पार्किंगमध्ये चालणार नाही हे मीच त्यांना लेखी कळवलं, आणि मग त्यांनी गाडी राहाटणीत एका मित्राच्या शेडमध्ये ढकलत नेली. ढकलायला मीही होतो.

पावसाळ्यात त्यांनी गनला हात लावला नाही. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर दुधाळ झाक येते. म्हणून दिवाळीनंतरची कोरडी सकाळ धरली. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं, चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावलं. चारशे नंबरचा पॉलिश पेपर, मग आठशेचा, पाण्याबरोबर. हार्डनर मोजून घातला. पांढरा असा बसला की काका दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. तेवढ्यात पवनेच्या जलपर्णीत लहानाचा मोठा झालेला एक डास क्लिअर कोटवर उतरला. बॉनेटच्या बरोबर मध्यावर. पाय पसरून.

काका त्याला काढू शकले असते. पेपर मारून पुन्हा एक हात दिला की झालं. पण इन्स्पेक्टरनं जवळून बघितलं, मान डोलावली आणि शेरा दिला: "लोकल कंटेंट." डास अजून आहे. नव्या माणसाला आधी तोच दाखवला जातो.

आता गाडी चालते. काका रोज तिला शिवार चौकापर्यंत नेतात आणि परत आणतात. मागचा हौदा इतका चकचकीत आहे की त्यात बघून भांग पाडता यावा, म्हणूनच त्यात आजवर काही ठेवलेलं नाही. मी एकदा फ्रिज न्यायला मागितली. "रनिंग-इन चालू आहे," असं उत्तर आलं. पस्तिशी उलटलेल्या गाडीचं!

गेल्या महिन्यात काकांचा मुलगा वाकडला राहायला गेला. सोफा न्यायचा होता. पिकअप खाली कव्हर घालून उभा होता आणि काकांनी फोन करून भाड्याचा छोटा हत्ती बोलावला. सोफा चढेपर्यंत ते त्याच्याभोवती फिरत होते. डाव्या दाराशी थांबले, फटीत नख घालून बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आमच्या वेळी हे गेटच्या बाहेर पडलं नसतं." ड्रायव्हर म्हणाला, "काका, तीन मजल्यांचे जास्तीचे दोनशे होतील."